पुढच्या चाकातले केस

ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यासोबत हे घडलं तो माझा सख्खा आतेभाऊ, संघर्षदादा. आजही तो मंचरजवळच्या महाळुंगे पडवळलाच राहतो. आमच्या घरात भूतखेत कुणी मानत नाही, आणि दादा तर मुळीच नाही. म्हणूनच त्याच्या तोंडून हे ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला.

जेवताना वाचू नका, एवढंच सांगतो.

साल २००१, डिसेंबर महिना. दादा गावातल्या दूध संकलन केंद्रावर फॅट तपासायच्या कामाला होता. संध्याकाळचं दूध उरकेपर्यंत अंधार पडायचा. घर लांब, वस्तीवर. मधला रस्ता कच्चा. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस.

आणि उसात वाघ.

बिबट्याला आमच्याकडं वाघच म्हणतात. त्या हिवाळ्यात त्यानं वस्तीवरच्या साळुबाईची शेळी दारातून उचलली होती. उजेड नसेल तर त्या रस्त्यानं जायची कुणाची छाती नव्हती.

हातात बॅटरी धरली तर हँडल एकाच हातात राहायचं. शिवाय सेल कधी दगा देतील याचा नेम नाही. दादाच्या सायकलला टायरवर घासणारा, बाटलीसारखा डायनामो होता. पण उसाला पाणी सोडलं की रस्त्यावर चिखल. टायर माखला की डायनामो नुसता घसरायचा. दिवा मिणमिणायचा आणि नेमका गच्च उसात विझायचा.

मंचरला भागू मिस्त्रीचं सायकलचं दुकान होतं. दादानं त्याला अडचण सांगितली. भागूनं वर आढ्याकडं बघितलं. तिथं टांगलेल्या जुन्या चाकांमधून एक चाक त्यानं काठीनं खाली काढलं.

"ह्ये बघा भाऊ. ह्याचा डायनामो टायरला न्हाई, चाकाच्या मधोमध, हबातच हाय. आत चुंबक फिरतं. चिखल असू द्या, पाऊस असू द्या, घसरायचा इषयच न्हाई. आन् आवाज तर लई कमी. न्हाईच म्हना!"

रिम गंजून गेली होती. पण मधला हब जाडजूड, एखाद्या डब्यासारखा. घडण परदेशी वाटत होती.

"कुनाच्या सायकलचं?"

"भंगाराच्या ढिगात आलं राव. कुनाचं, काय ठावं!"

भागूनं तो हब सोडवला. नवे स्पोक घालून दादाच्या रिममध्ये बसवला. वायर चाक धरणाऱ्या पुढच्या चिमट्याच्या कडेनं वर नेली आणि हँडलखाली मोठा दिवा लावला. मग चाक उचलून गरकन फिरवलं. दिवा लख्ख पेटला.

"फकस्त येक. चाक फिरतंय तवर उजेड. थांबला का अंधार. ध्यानात ठिवा."

जुना डायनामो भागूनं बदल्यात ठेवून घेतला.

पहिले काही दिवस दादा जाम खूश होता. पिवळाधमक उजेड पार पुढच्या वळणापर्यंत पडायचा. आणि शांतता! आधीच्या डायनामोची घरघर एवढी होती की दुसरं काही कानावरच यायचं नाही. आता उसाची पानं ऐकू यायची. स्वतःचा श्वास ऐकू यायचा.

आणि अजून एक आवाज...

सर्र... सर्र...

कुणीतरी तेल चोपडलेल्या केसांतून फणी फिरवावी, तसा.

आवाज पुढच्या चाकातून येत होता.

एके संध्याकाळी पेडल एकदम जड झालं. दादा उतरला. चाक थांबलं, दिवा गेला. अंधारात त्यानं हबाला चाचपलं. बोटं कशात तरी रुतली.

मऊ. ओलं. चिकट.

त्याला वाटलं, उसाचं पाचट अडकलं असेल. त्यानं ओढलं. ते आलं... अजून आलं... येतच राहिलं.

केस होते.

आणि वास. खवट खोबरेल तेलाचा. त्या खवटपणाच्या खाली मेलेल्या उंदरासारखा अजून एक वास. त्यानं तो गुंता उसात भिरकावला आणि सायकल दामटली.

घरी आल्यावर साबणानं हात धुतले. मग राखेनं घासले. तरी पहिला घास तोंडाजवळ नेला की बोटांना तोच वास. त्यानं ताट बाजूला सारलं.

"भाजी बिघाडली का?" अमृतावहिनीनं विचारलं. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं.

"न्हाई गं. भूक न्हाई."

तिचं लक्ष त्याच्या बाहीकडं गेलं. तिनं चिमटीत धरून एक केस ओढला. तो सरळ होता होता तिच्या गुडघ्याखाली आला.

एका टोकाला काहीतरी पांढरट चिकटलेलं होतं. तिनं बल्बाजवळ धरून बघितलं.

कातडी होती. डोक्याची. ओली.

"शी!" तिनं हात झटकला. मग त्याच्याकडं बघत राहिली. "ह्यो माझा न्हाई. कोन हाय ती?"

"चाकात अडाकल्याला व्हता."

"चाकात?"

त्यानं सायकल उजेडात आणून दाखवली. हब स्वच्छ. एक केस नाही. वहिनी आत गेली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

पुढं ते वाढतच गेलं. भाकरीत केस. अंथरुणात केस. एकदा केंद्रावर सावळेराम नावाच्या शेतकऱ्यानं मापातलं दूध सगळ्यांसमोर धरलं. फेसावर केसांचं वेटोळं तरंगत होतं. बाया तोंडाला पदर लावून मागं सरल्या. पुन्हा असं झालं तर कामावर येऊ नको, असं दादाला सुनावण्यात आलं.

तो भागूकडं गेला. भागूनं हब पूर्ण खोलला. आत घासलेल्या भांड्यासारखं लख्ख.

"ह्यात केस शिरंलच कसा राव? जागाच न्हाई."

"माझा जुना डायनामो दे."

"इकला की भाऊ. बाजारच्या दिवशी या, दुसरा आनून ठिवतो."

वस्तीवरच्यांनी देवऋषी सुचवला. दादानं उडवून लावलं. यंत्रात बिघाड आहे, यंत्र बदललं की संपलं, असं तो म्हणत राहिला.

बाजारचा दिवस यायच्या आधीच ते घडलं.

त्या संध्याकाळी वहिनी स्वतः केंद्रावर येऊन उभी राहिली. "आज मी येते तुमच्यासंगं. बघते तरी, वाटंत कोन भेटती."

ती मागं कॅरियरवर बसली. गाव मागं पडलं. दोन्हीकडून ऊस अंगावर आला.

सर्र... सर्र...

"कसला आवाज ह्यो?" वहिनी म्हणाली.

दादा उत्तर देणार तेवढ्यात त्यानं ब्रेक दाबला.

उजेडात, रस्त्याच्या मधोमध, वाघ उभा होता.

चाक थांबलं होतं. आता दिवा जाणार. अंधार होणार. आणि मग...

दिवा गेला नाही.

चाक थांबलेलं. दिवा तसाच लख्ख.

वाघ त्या दोघांकडं बघतच नव्हता. तो पुढच्या चाकाकडं बघत होता. त्याचे कान मागं गेले. पोट जमिनीला टेकलं. मार खाल्लेल्या कुत्र्यासारखा कण्हत तो मागं मागं सरकला आणि उसात दिसेनासा झाला.

दादानं श्वास सोडला.

तेव्हा मागून वहिनीचा आवाज आला. अगदी बारीक.

"अहो... माझी येनी सोडा."

दादाचे दोन्ही हात हँडलवर होते.

त्यानं मान वळवली. हबातून केसांचा जाड पट्टा निघाला होता. दांडीवरून, सीटखालून, ओल्या दोरासारखा मागं गेला होता. वहिनीच्या वेणीत पेडासारखा विणला जात होता. कुणीतरी सावकाश, निगुतीनं वेणी घालावी तसा. तिची मान मागं मागं ओढली जात होती.

दादानं हातानं तोडायला बघितलं. तेलानं हात निसटले. जवळ ना कोयता, ना ब्लेड. वहिनीचा श्वास घुसमटू लागला होता.

त्यानं तो पट्टा तोंडात घेतला आणि दातांनी चावला.

ती चव आजही आठवते, असं दादा म्हणतो.

चव खवट होती. बुळबुळीत. आणि ते केस... कोमट होते. दाताखाली काहीतरी फुटलं आणि गरम रस घशात गेला. त्याला उलटी आली, तरी त्यानं तोंड उघडलं नाही. चावतच राहिला. शेवटी पट्टा तुटला. वहिनीची निम्मी वेणी त्यासोबत गेली.

सायकल तिथंच टाकून दोघं पळाली. वस्तीच्या वळणापर्यंत त्यांच्या सावल्या पुढं पडत होत्या. मागं दिवा तसाच जळत होता.

सकाळी चारजणांना घेऊन दादा तिथं गेला. सायकल आडवी पडलेली. बल्ब उडालेला. केस एकही नाही. त्यानं पुढचं चाक काढलं आणि गावाबाहेरच्या पडक्या विहिरीत टाकलं. त्यानंतर घरात, दुधात, कुठंही केस सापडला नाही. वहिनीनं पुन्हा कधी काही विचारलं नाही.

इथं संपलं असतं, तर मी हे लिहिलंच नसतं.

२००९ च्या उन्हाळ्यात मी सकाळी सहज त्यांच्याकडं गेलो होतो. वहिनीनं पोहे केले होते. दादा बोलता बोलता एकदम थांबला. तोंडात बोटं घातली. दाढेमागून काहीतरी चिमटीत धरलं आणि ओढलं...

काळं. लांब. घशातून वर येत होतं.

त्याचे डोळे पाण्यानं भरले. वहिनी चुलीपासून उठली. घाबरली नाही, ओरडली नाही. फळीवरची कात्री घेऊन आली.

"वडू नका म्हनलं ना. वडलं का रगात येतं. आ करा."

तिनं आत जाईल तेवढी कात्री नेली आणि कापलं. उरलेलं टोक दादानं आवंढ्यासरशी गिळलं. वहिनीनं तुकडा कागदात गुंडाळून चुलीत टाकला, कात्री पुसली आणि माझ्या ताटलीकडं बघितलं.

"खा की भाऊजी. गार झालं पोहं."

चुलीतून केस जळाल्याचा वास आला नाही.

खवट खोबरेल तेलाचा आला.