उत्तररंगाची परवानगी

"हा फोन जरा धराल? कीर्तन संपेपर्यंत..."

गिरगावातल्या देवळात कौसल्याबाईंची पहिली पुण्यतिथी होती. एवढ्या मोठ्या कीर्तनकार, पण मंडपात माणसं मोजकीच. गुरुजींनी बाईंच्या शेवटच्या कीर्तनाची कॅसेट लावली होती. आई गेल्यापासून कीर्तनात माझ्या शेजारची जागा रिकामी असते. तिथे मी पर्स ठेवते. त्या दिवशी पर्सच्या पलीकडे हा अनोळखी तरुण येऊन बसला, फोनवर रेकॉर्डिंग करत. आणि पूर्वरंग संपता संपता चक्क उठला!

"कीर्तन अर्ध्यावर सोडून उठू नये," मी कुजबुजले. "आणि रेकॉर्डिंगची परवानगी घेतलीत का?"

"बाईंच्या मुलाची घेतली."

"काय म्हणाला तो?"

"म्हणाला, शेजारच्या मॅडमकडे फोन दे... कडक दिसतात, नीट धरतील."

गेलासुद्धा! उत्तररंगभर मी तो फोन आरतीच्या तबकासारखा धरून बसले.

बाहेर पायरीवर तो चहाचे दोन कप घेऊन उभा होता. "मी राजस. तो मुलगा मीच."

"म्हणजे माझ्या ईमेलना उत्तर न देणारे तुम्हीच? मी सुनेत्रा. परळच्या कॉलेजच्या लायब्ररीतून."

मुलांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमावर जे जे चढवायचं असतं – पुस्तकातलं प्रकरण, लेख, एखादी ध्वनिफीत – त्याचे हक्क कुणाकडे आहेत ते शोधून परवानगी मागायची, हे माझं काम. दिवसभर अनोळखी माणसांना 'कृपया' लिहायचं, आणि वाट बघायची. नवं सत्र तोंडावर आलं होतं, आणि मराठीच्या सरांना हेच कीर्तन हवं होतं.

"पूर्वरंग देतो," राजस म्हणाला. "उत्तररंग नाही."

"अहो, पूर्वरंगात निरूपण, कथा तर उत्तररंगात! मुलांना नुसतं ताट मांडून उठवू?"

तो हसला... पण डोळ्यांनी नाही. "रविवारी घरी या, चिंचपोकळीला. पूर्वरंगापुरता कागद आणा, सही करतो."

रविवारी गेले. चाळीतलं दार सताड उघडं. गॅलरीत शेजारच्या शेवंतीकाकू लसूण सोलत होत्या.

"राजस, पाहुणी आली रे! चहा विचार, नाहीतर नुसत्या कीर्तनावर बसवशील."

मी चटईवर बसले. त्याने फोन स्पीकरला जोडला. बाईंचा आवाज खोलीभर पसरला... खणखणीत, मायेचा. पूर्वरंग संपला, नामाचा गजर सुरू झाला, आणि राजसचं बोट बंद करायला पुढे आलं.

"रोज इथेच थांबवतो," तो म्हणाला. "पुढचं ऐकलं नाही, तोवर आईचं मला काहीतरी सांगायचं राहिलंय... ऐकलं की संपलं. मग या घरात नुसता पंखा वाजेल."

माझ्या घरी मी टीव्ही लावून ठेवते. बघत नाही. कुणीतरी बोलत असावं, म्हणून.

"बंद करू नका," मी म्हणाले. "कथेआधीच्या या गजरात एकमेकांना बुक्का लावतात. आणि मग दोघं मिळून ऐकू. मी बसते ना."

देव्हाऱ्यात बाईंची बुक्क्याची डबी होती. झाकण घट्ट बसलेलं, वर्षभर कुणी उघडलंच नसणार. त्याने जोर लावून उघडलं आणि वास दरवळला... मला एकदम आई आठवली. मी त्याच्या कपाळाला बुक्का लावला. त्याने डोळे मिटून घेतले.

"आणि तुम्हाला?"

"आई लावायची."

"आता?"

"आता... कुणी नाही."

त्याने डबीत बोट बुडवलं, माझ्या कपाळाजवळ आणलं – आणि तिथेच थांबला.

"सुनेत्रा... परवानगी आहे?"

जगाकडे परवानग्या मागण्यात माझे दिवस गेले होते. माझी कुणी मागितली नव्हती. मी मान हलवली. त्याने बुक्का टेकवला, अगदी मधोमध.

"कागदावर 'संपूर्ण' लिही," तो हळूच म्हणाला.

गजर थांबला. चिपळ्या वाजल्या, बाईंनी कथेला हात घातला.

"अरे, आवाज वाढव की!" गॅलरीतून शेवंतीकाकू ओरडल्या. "पुढची गोष्ट मलापण ऐकू दे!"

राजसने आवाज वाढवला. मग, सवयीने मी शेजारी ठेवलेली पर्स उचलली, माझ्या मांडीवर ठेवली... आणि तिथे बसला.