पिकल्या फळांचा वास

आनंदरावांच्या मरणात कुणाचा किती फायदा, हे गुप्तहेर नीरजा दामलेनं चपला काढतानाच मांडून पाहिलं. मुलगा विनीत याला डोंबिवलीचा फ्लॅट विकून ठाण्यात जायचं होतं. बाप सही देत नव्हता. सून देवयानीला दमडी मिळणार नव्हती. उलट सासरे तिच्या वजन घटवायच्या किटो क्लासच्या जाहिरातीत फुकट हसत होते. भिंतीवर पोस्टरच होतं: 'श्वासाला पिकल्या फळांचा वास? अभिनंदन, चरबी वितळतेय!'

"एवढंच सांगा," आनंदरावांच्या बायको सुमतीबाई म्हणाल्या, "हे प्यायले होते का? जन्मात थेंब नाही घेतला. पण त्या दुपारी ओकत होते, बरळत होते, तोंडाला वास. पलंगाखाली बाटली. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून मी बाहेरून कडी घातली नि हळदीकुंकवाला गेले. आले तर संपलेलं सगळं."

"बाटली विनीतची असणार," नीरजाचा मदतनीस सुश्रुत कुजबुजला.

"मी ऑफिसला गेलेलो," विनीत म्हणाला. "आणि फ्लॅट आता आईचा. मला काय मिळालं?"

देवयानीनं ओढणी नाकाला लावली. "शी! मला तर दारूचाच वास वाटला. बाटली मीच आईंना दाखवली."

नीरजानं फ्रीज उघडला. आनंदराव तरुणपणापासून इन्शुलिनवर. या महिन्याच्या कुप्यांची सीलं शाबूत होती.

"सुश्रुत, शवविच्छेदनाचा अहवाल?"

"दारू अजिबात नाही, मॅडम."

"मग ऐका. इन्शुलिन नसलं की शरीर साखर सोडून चरबी जाळतं. त्यातून बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट आणि असिटोअसिटेट ही आम्लं तयार होतात. उपाशी माणसाच्या मेंदूला हेच इंधन. पण अशा रुग्णाचं इन्शुलिन तोडलं, तर त्यांचा ढीग साचतो, रक्त आंबतं. असिटोअसिटेटचं असिटोन होऊन श्वासात येतं. तोच गोडसर वास. देवयानी, तो ओळखायला तू गिऱ्हाइकांना शिकवतेस. घरात मात्र तोच दारूचा वाटला?"

"मी फक्त म्हटलेलं, सुया बंद करून बघू," देवयानी फणकारली. "रिझल्ट काय भारी आलेला! मग ओकायला लागले. क्लासचं नाव गेलं असतं ना!"

"म्हणून बाटली ठेवलीस?"

सुश्रुतनं देवयानीनं दिलेलं सरबत तसंच खाली ठेवलं.

"म्हणजे," सुमतीबाईंनी हळूच विचारलं, "कडी न घालता दवाखान्यात नेलं असतं, तर?"

नीरजा चपला घालू लागली.

आनंदरावांनी किंमत जिवानं मोजली. देवयानीचं काय ते कोर्ट बघेल. बाकीचं सगळं, फ्लॅट आणि ती कडीसुद्धा, सुमतीबाईंच्या नावावर लागलं, आणि ते वागवायला त्यांची तब्येत अजून ठणठणीत होती.