मानेवाचून राहिलेलं मडकं

व्होल्टा नदीकाठच्या आमच्या गावात तो विद्यापीठातून आला तो थेट माझ्या वाळत घातलेल्या मडक्यांत पाय घालूनच!

"डोळे विद्यापीठात गहाण ठेवून आलास का रे?"

"डोळे इथंच आहेत... म्हणून तर पाय चुकला."

मेला! मी मान वळवली, पण हसू फुटलंच.

सेलोर्म त्याचं नाव. माणूस काम कशासाठी करतो, हे विचारत गावोगाव हिंडायचा. चार दिवसांनी मलाही गाठलंच. "एक पंडित म्हणतो, काम ही शिक्षा. दुसरा म्हणतो, कामातच माणूस स्वतःला सापडतो. तू काय म्हणतेस, एन्योनाम?"

"आधी त्या पंडितांच्या बायकांना विचार!"

तो हसला... आणि आईच्या बंद छपरीतून आवाज आला. थप्... थप्. ओल्या मातीवर फळी बसावी तसा.

"आत — कोण आहे?"

"आई. पेरणीआधी वारली. मडकं मानेवाचून राहिलंय."

आमच्यात मेलेल्या कुंभारणीचं अर्धं काम लेकीनं शिवायचं नाही. परक्या बाप्यानं पुरं करायचं. तोवर ती जात नाही, नि लेकीची मडकी आगीत टिकत नाहीत. माझी सगळी तडकत होती. पण गावातला एक बाप्या पुढे येईल तर शपथ! आईला भ्यायले, की माझ्या जिभेला, देव जाणे.

"मग तिलाच विचारतो," म्हणत सेलोर्म आत शिरला. मी दारातून पाहिलं — धुळीत मडक्याभोवती अनवाणी पावलांचं ताजं रिंगण; आमच्यात चाक नसतं, कुंभारीणच मडक्याभोवती फिरते. माती अजून ओली. त्या पावलांवर पाऊल टाकत तो फिरू लागला. हात आपसूक वळू लागले, कुणी वरून धरल्यासारखे.

माझा जीव टांगणीला. सांज उतरली, तेव्हा कुठे थपथप थांबली.

तो बाहेर आला, कोपरापर्यंत माती. "कशासाठी, म्हणून विचारलं मी. बोललीच नाही. नुसती माझी बोटं सरळ करत राहिली... फार गार हात होते गं."

मी ते हात माझ्या हातांत घेतले, आणि जीभ चावली. "अरे वेड्या, मडकं पुरं करणाऱ्याला लेकीच्या हातचं पाणी प्यावं लागतं. जन्मभर! ठाऊक होतं का?"

"ही रीत तुझ्या शेजारच्या अकोफा मावशीनं पहिल्याच दिवशी सांगितली," तो हळूच म्हणाला. "तहान... तेव्हापासूनचीच आहे."

माझं एकही मडकं त्यानंतर तडकलं नाही. त्याच्या मडक्याची मान मात्र वाकडीच. म्हणूनच की काय, अजून एखाद्या सांजेला छपरीत थप् होतं, नि हा निमूट उठून मातीला बसतो. काम कशासाठी, असं आता त्यालाच कुणी विचारलं, तर बोलत नाही. विचारणाऱ्याची बोटं मातीत सरळ करतो.

हात गार असतात त्याचे, थेट आईसारखे.

ऊब द्यायला मी आहे ना!