डाव्या पट्ट्याला निळा दोरा

सकाळी देवापुढे पाण्याची वाटी ठेवली की त्या दिवशी खोटं बोलायचं नाही, हा माझा नेम आहे. म्हणून जसं ऐकलं, जसं पाहिलं, तसंच लिहिते.

गेल्या वर्षीची गोष्ट. नोव्हेंबरची अठरा तारीख. जपानमधल्या शिकोकू बेटाच्या डोंगरातलं आमचं कामिओसे गाव.

हे घडलं माझ्या शेजारच्या मिझुएच्या बाबतीत. वय त्रेचाळीस, घरात एकटीच. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना दिवसभर गाव दाखवायचं, हे तिचं काम. एका दिवसाला एकच पाहुणा. सकाळी धबधबा, दुपारी तोकुजीकाकांकडे हाताने कागद करायचा आणि शेवटी डोंगरावरचं देऊळ.

त्या दिवशीची पाहुणी होती हानेके. हॉलंडची, शाळेतून निवृत्त झालेली बाई.

तोकुजीकाकांनी तिला कागदाचा साचा लगद्याच्या पाण्यात कसा हलवायचा ते दाखवलं. हानेकेचा कागद एका बाजूला चांगलाच जाड झाला.

"बाईंना सांग, हा कागद नाही, पांघरूण झालंय," काका म्हणाले.

मिझुएने जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. कोणाचं बोलणं गाळायचं नाही, ही तिची सवय.

"त्यांचा पहिला कागद कसा झाला होता, विचार," हानेके म्हणाली.

काका हसले. "माझा? माझा वडिलांनी चुलीत घातला."

निघताना ते दारापर्यंत आले. "देवळातून वेळेत उतर गं, मिझु. आता पाच वाजले हे सांगायला भोंगा वाजत नाही."

मिझुए फक्त "हो काका" म्हणाली.

देवळाच्या पायऱ्या जिथे सुरू होतात तिथे एक लोखंडी खांब आहे. त्यावर गावाचा भोंगा. पूर्वी रोज पाचला त्यावर गाणं लागायचं, मुलं खेळ सोडून घरी पळायची. गावाच्या सूचनाही त्यावरच व्हायच्या. दोन वर्षांपूर्वी घरोघरी सूचना ऐकवणारे छोटे डबे बसवले आणि भोंग्याची तार कापून टाकली.

मिझुए त्या खांबाकडे कधी बघत नाही.

अकरा वर्षांपूर्वी तिची आई, फुसाबाई, सगळं विसरायला लागली होती. पाचचं गाणं वाजलं की उठायची.

"मिझु अजून शाळेतून आली नाही. बघून येते."

मिझुए रोज समजावायची, "आई, मी ही काय, तुझ्यासमोर आहे."

एके दिवशी ती फार दमली होती. मुळा चिरत होती. मान वर न करताच म्हणाली, "जा मग. शोध."

दार सरकल्याचा आवाज आला.

बस.

आई पुन्हा दिसली नाही.

गावच्या कचेरीतून विचारलं, अंगात काय होतं? मिझुएने पाहिलंच नव्हतं. तिने अंदाजाने सांगितलं, तपकिरी कोट. भोंग्यावर तशी सूचना झाली, माणसं डोंगरभर तपकिरी कोट शोधत फिरली. रात्री ती घरी आली, तर तपकिरी कोट खुंटीवरच होता.

आमच्याकडे हरवलेलं माणूस मिळालं की दुसरी सूचना होते. 'सापडल्या. सर्वांचे आभार.'

फुसाबाईंसाठी ती कधी झालीच नाही.

तर त्या दिवशी देवदर्शन करून दोघी उतरत होत्या. ऊन डोंगरामागे गेलं होतं. हानेके पायऱ्या मोजत होती, मध्येच चुकत होती, हसत होती.

खालची पायरी आली.

आणि ओढ्याचा आवाज... थांबला.

पाणी वाहत होतं. नुसता आवाज नव्हता.

मिझुएने घड्याळ पाहिलं. बरोबर पाच.

डोक्यावर... खर्रर्र झालं.

मग गाणं सुरू झालं. तेच जुनं गाणं, संथ, थोडं बेसूर.

"किती छान," हानेके वर बघत म्हणाली.

म्हणजे तिलाही ऐकू येत होतं.

गाणं संपलं. भोंग्यातून कोणीतरी... श्वास घेतला.

"गावकऱ्यांना विनंती..."

कचेरीतल्या मुलीचा आवाज नव्हता तो. कोणा म्हातारीचा होता. मध्ये मध्ये दम लागत होता, चढ चढून आल्यासारखा.

"काय सांगतायत?" हानेकेने विचारलं.

मिझुएचं तोंड सवयीने बोलू लागलं. "कोणीतरी हरवलंय. लोकांना शोधायला सांगतायत."

"अरेरे. कोण?"

"एक मुलगी. वय सात. डोक्यावर पिवळी टोपी. पाठीवर लाल दप्तर. दप्तराच्या डाव्या पट्ट्याला..."

मिझुएने वर पाहिलं.

भोंगा बोलतच होता.

"...डाव्या पट्ट्याला निळा दोरा. लाल मिळाला नाही, म्हणून निळ्यानेच शिवलाय."

पहिलीत असताना मिझुएच्या दप्तराचा पट्टा तुटला होता. आई ओरडेल म्हणून ती याच देवळामागे लपून बसली होती. आईने अंधार पडता पडता शोधून काढलं आणि घरी नेऊन पट्टा शिवून दिला. त्या निळ्या दोऱ्याचं जगात दोघींनाच माहीत होतं.

"कोणाला दिसली तर सांगा तिला..." आवाज थकला. "आई रागावलेली नाही म्हणावं. घरी ये."

हानेके तिच्याकडे बघत होती. "मिझुए, काय झालं?"

मिझुएने खांबाला दोन्ही हात लावले. लोखंड गार पडलं होतं.

"आई," ती म्हणाली. "आले गं मी. ही बघ. इथेच आहे."

भोंग्यात... खट्ट झालं.

आणि ओढा पुन्हा वाजू लागला.

दुसऱ्या दिवशी कचेरीचा माणूस शिडी लावून वर चढला. तार कापलेलीच होती. भोंग्याच्या तोंडात चिमण्यांचं जुनं घरटं होतं, तेही जागचं हललेलं नव्हतं. गावात दुसऱ्या कोणी काही ऐकलं नव्हतं.

हानेकेचं पत्र येतं अधूनमधून. दर वेळी शेवटी एकच ओळ असते. ती मुलगी सापडली का?

मिझुएला उत्तर लिहिता येत नाही.

कारण आईने हाक ऐकली असती, तर दुसरी सूचना झाली असती ना? ती अजून झालेली नाही. मग आईला ऐकू गेलं की नाही? की ती अजून डोंगरात शोधतच फिरते आहे, दम लागेपर्यंत?

हल्ली मिझुए पाहुण्यांना साडेचारलाच निरोप देते आणि पाचला खांबाखाली जाऊन उभी राहते. परवा मीही गेले होते सोबत. मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते. काही वाजलं नाही.

परतताना वाटेत तोकुजीकाका भेटले. मिझुएच्या पाठीवरच्या पिशवीकडे बघून म्हणाले, "अगं, पट्टा तर नवा कोरा दिसतोय. मग शिवलंस कशाला? तेही निळ्याने?"

मिझुएने डाव्या पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"राहू दे, काका," ती म्हणाली. "तिला ओळख पटायला काहीतरी हवं."