गिटारमधला काटा

कॅथी दूध पिऊन झोपली की दुपार माझी. पाळण्याची दोरी खिडकीच्या गजाला अडकवायची, पंखा एकवर आणायचा आणि स्वयंपाकघराच्या दारातून अनवाणी मागच्या खोलीत शिरायचं. हेडफोन एकाच कानावर, दुसरा कान पाळण्यासाठी मोकळा. लग्नानंतरही मी अंधेरीच्या एका स्टुडिओत गाणी मिक्स करायचे, तेव्हा दोन्ही कान कामाला होते. आता एकच आहे. पण कॉम्प्युटर सुरू झाला आणि स्क्रीनवर आवाजाच्या हिरव्या लाटा हलल्या की माझ्या पोटात अजून तसंच होतं, जत्रेत पाळण्यात बसल्यासारखं.

त्या दिवसांत मी सॅमीच्या बँडचं गाणं मिक्स करत होते. सॅमी माझा धाकटा दीर, सातिवलीच्या एका गोडाऊनमध्ये कामाला. त्याच्या बँडचं हे पहिलं गाणं आणि बाळंतपणानंतरचं माझं पहिलं काम. दोघंही हवेत होतो.

आमचं घर गिरीजला, वाडीतच. तिन्ही बाजूंना केळी, मागे नारळ. मागची खोली जिथे आहे तिथे पूर्वी बावखल होतं, वाडीला पाणी देणारं गोड्या पाण्याचं तळं. मी या घरात येण्याआधीच भराव टाकून ते बुजवलं आणि वर खोली बांधली. भिंतींना गोधड्या टांगून आम्ही तिचा स्टुडिओ केला. एप्रिलमध्येही तिथली फरशी पायाला गार लागते. आणि खोली घुमते. बोलणं थांबलं तरी भिंतींत एक खालचा सूर जरासा रेंगाळतो.

सॅमीला तोच आवडला. गिटार सुरात लावायला त्याने मशीन घेतलंच नाही. खोलीच्या मधोमध उभा राहून तोंड मिटून 'हूं' करत राहिला, खोली कुठल्या सुराला घुमते ते ऐकलं आणि तारा ढिल्या करत करत सगळी गिटार त्या सुरावर उतरवली.

"वहिनी, आता खोलीच आपल्याबरोबर वाजेल. फुकटचा मेंबर."

"मेंबरला चहा कोण देणार?"

"तूच. तुझीच दोस्त आहे ती."

ते खरं होतं. कॅथी दिवस भरायच्या आधी जन्मली. कितीतरी दिवस ती हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होती. मला तिला छातीशी घेता येत नव्हतं. पेटीच्या गोल भोकाला तोंड लावून मी नुसती गुणगुणायचे. माझा आवाज खर्जातला. चर्चच्या क्वायरमध्ये मला पुरुषांच्या रांगेला चिकटून उभं करतात. पण तो आवाज काचेतून तिच्यापर्यंत पोचला. घरी आणल्यावर मी तिला याच गार खोलीत घेऊन बसायचे आणि मी गुणगुणले की खोलीही खालून साथ द्यायची. अजूनही माझं गुणगुणणं ऐकलं की कॅथी आधी पायाची बोटं फाकवते, पंख्यासारखी, आणि मग मान वळवते. तिने मला आधी ऐकलं, पाहिलं नंतर. त्या फाकलेल्या बोटांसाठी मी जगातलं काहीही सोडून धावत येईन.

तर गिटार. इतकी खाली उतरवलेली गिटार एकटी ऐकली तर डोंगरासारखी वाटते. बेस आणि ड्रम सुरू केले की तोच डोंगर चिखलात बसतो, कारण तिघांनाही तळाची तीच जागा हवी असते. मग इक्वलायझर घ्यायचा. आवाजाच्या तळापासून शेंड्यापर्यंतचा हवा तो पट्टा वाढवायचा, नको तो कमी करायचा. अगदी तळाची गडगड मी कापून बेसला देऊन टाकली. वर, तारा छेडायचा पिक घासतो तिथे, थोडी धार चढवली. तरी गिटार पुढे येईना. मध्ये कुठेतरी काहीतरी अडकलं होतं.

ते शोधायचं कसं, तर तोंडातला माशाचा काटा जिभेने शोधतो तसं. एक अरुंद पट्टा घेऊन तो भरपूर वाढवायचा आणि हळूहळू सरकवत न्यायचा. जिथे टोचेल तिथे काटा. मग नेमका तेवढाच काढायचा.

पट्टा सरकत दोनशे दहा हर्ट्झवर आला आणि गिटार ऐकू येईनाशी झाली. तिच्या जागी खोली आली. ओला, गोल सूर, कुणीतरी तोंड मिटून धरलेला. मी हेडफोन काढून पाळण्याकडे कान दिला. कॅथी झोपलेली होती.

सापडला म्हणायचा. मी पट्टा उलटा फिरवला. जेवढा वाढवला होता तेवढाच कापला.

आणि गिटार सरळ समोर येऊन उभी राहिली. बेसला धक्का नाही, ड्रमला धक्का नाही, एकेक तार बोटाने मोजावी अशी सुटी. मी खुर्चीत बसल्या बसल्या पाय नाचवले. तुकडा तसाच सॅमीला पाठवला. त्याचा लगेच फोन.

"वहिनी, मी खोक्यांच्या मागे नाचतोय. सुपरवायझर बघतोय."

"बघू दे. पण हळू बोल, कॅथी उठेल."

"माझ्या बोलण्याने? सातिवलीहून?"

मी हसत बाहेर आले. पप्पा, म्हणजे माझे सासरे, विहिरीवरच्या पंपाजवळ कमरेवर हात ठेवून उभे होते.

"एलिना, लाईट कमी येते का गं?"

"नाही पप्पा. का?"

"मोटर बघ कशी वाजते. डब्यात माशी अडकल्यासारखी. पाणी मात्र बरोबर पडतंय."

खरंच, पाटात पाणी नेहमीसारखं धावत होतं. आवाज तेवढा चपटा झाला होता. पप्पांचा आवाजही मला फोनवरून आल्यासारखा वाटला. खूप वेळ ऐकलं की कान असे थकतात, हे मला ठाऊक होतं. मी थंड पाण्याने तोंड धुतलं.

तेवढ्यात कॅथी उठली. मी पाळण्यावर वाकले, गुणगुणले.

तिची बोटं हलली नाहीत.

मी पुन्हा गुणगुणले. ती माझ्याकडे बघत होती, दारावर आलेल्या अनोळखी बाईकडे बघावं तशी. मग ओठ काढून रडायला लागली आणि माझ्या खांद्यावरून दाराकडे बघू लागली. रडतानाचा तिचा आवाज उंच, पातळ असतो, तो होता तसाच होता. बदलला होता माझा.

मी तिला कडेवर घेऊन मागच्या खोलीत गेले, माईक सुरू केला आणि त्यात गुणगुणले. माझ्या आवाजाचा आलेख स्क्रीनवर उमटला. त्यात एक खड्डा होता. दोनशे दहावर. गिटारवरच्या कापाइतकाच रुंद, तेवढाच खोल.

गिटारवरचा काप मी बंद केला.

बाहेर मोटर घुमली.

माझ्या कडेवर, माझ्या मनगटावर टेकलेली, पाच छोटी बोटं फाकली.

मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण त्याहून जास्त काय वाटलं सांगू? लहानपणी पहिल्यांदा चुंबक हातात आला होता तेव्हाचं. काप सुरू, मोटर चपटी. काप बंद, मोटर भरलेली. मी ते पुन्हा पुन्हा केलं आणि कॅथी स्क्रीनवरच्या लाटांकडे बघून खिदळत होती.

संध्याकाळी सॅमी आल्याबरोबर त्याला खोलीत ओढलं.

"वहिनी, तू जरा झोप काढ," सगळं ऐकून तो म्हणाला. "मी बघतो कॅथीला."

"मोटर ऐक." मी काप सुरू केला.

"व्होल्टेज."

"बरं. मग तू बोलत राहा."

"काय बोलू? आज डबा कोणी केला होता, भेंडी इतकी खारट..."

त्याचा आवाज शब्दाच्या मध्येच पातळ झाला. त्याने गळ्याला हात लावला.

"बंद कर ते," तो म्हणाला.

मी बंद केलं. पप्पा दारात येऊन उभे होते. ते या खोलीत सहसा पाऊल टाकत नाहीत. त्या दिवशीही उंबऱ्याबाहेरच थांबले.

"बावखल बुजवलं तेव्हा असंच झालेलं," ते म्हणाले. "भरावाची शेवटची गाडी रिकामी केली. काठावर बेडूक बसलेले. गळे फुगत होते त्यांचे, पण आवाज नव्हता. मला वाटलं, मेलेच सगळे. मग खोली बांधली, दार लावलं, तर आवाज आत."

"पप्पा, हे कधी सांगितलं नाहीत," सॅमी म्हणाला.

"कुणाला सांगू? तुझी आई म्हणाली, ऑगस्टीन, कमी पीत जा."

सॅमी हसला, पण बाहेर जाऊन. गिटार पुढे यायलाच हवी होती, नाहीतर गाणं पुन्हा चिखलात. आणि तो काप मी ठेवू शकत नव्हते. सगळी रात्र डोकं त्यातच. सकाळी कॅथीला न्हाऊ घालताना सुचलं. बेस काही या खोलीत वाजला नव्हता, तो वायरने थेट कॉम्प्युटरमध्ये घेतला होता. ड्रमही दुसरीकडे वाजवले होते. खोलीशी दोघांचं काही देणंघेणं नव्हतं. मग गिटारला हात न लावता बेस-ड्रमनीच तिथून बाजूला व्हायचं.

त्या दुपारी पाळणाच खोलीत आणला. बेस दोनशे दहावर थोडा कापला आणि गुणगुणले. बोटं फाकली. ड्रम कापला, गुणगुणले. बोटं फाकली. असा मीटर कुठल्याच स्टुडिओत नसेल. गिटारची धार आणखी जराशी चढवली आणि ती पुढे आली. पहिल्यापेक्षा सुंदर, पोटात तो ओला सूर घेऊन. मी कॅथीच्या तळपायांचे मुके घेतले. मला वाटलं, मी परत आले. दोन्ही झाले, कामाची आणि हिची.

शेवटचा हात फिरवायचं काम दीपेशकडे होतं. तो सॅमीचा मित्र, नालासोपाऱ्याला राहतो. तयार गाणं एकसंध करून आवाजाला मोठा करून देतो. मी सॅमीला बजावलं की दोनशे दहावर काहीही काढायचं नाही, तेवढं त्याला नक्की सांग.

"सांगितलं, वहिनी. दोनदा सांगितलं."

रविवारी चर्चमधल्या मिसाहून आलो तर गाणं नेटवर बाहेर पडलेलं होतं. अंगणात बँडची पोरं, खुर्च्या, पावभाजीचं पातेलं. फोन थांबत नव्हते. अर्नाळ्याहून कुणी ऐकलं, निर्मळहून कुणी स्कूटरवर थांबून ऐकलं, जहाजावरून नेल्सनने, माझ्या नवऱ्याने, ऐकलं आणि मेसेज केला: गिटार काय कापतेय. सॅमीने मला खांद्यांना धरून गोल फिरवलं. मी हसत होते. माझं नाव गाण्याखाली होतं. त्याने स्पीकर लावला.

गिटार पुढे होती. जरा जास्तच पुढे होती.

दीपेशचा फोन सॅमीच्या कानाला होता. त्याने तो माझ्याकडे दिला.

"वहिनी, अभिनंदन. तिथे दोनशे दहाला जरा चिखल होता, गाणंभर. साफ केला. तुम्ही सांगितलं नसतं तर माझं लक्षच गेलं नसतं."

त्याचा आवाज फोनवरच्या आवाजासारखा होता. पण अंगणातल्या पोरांचाही तसाच होता. चर्चची घंटा वाजली, कुणी डबा वाजवावा तशी.

"गाणं काढून टाक," मी सॅमीला म्हणाले.

"वहिनी, आता कुठून कुठून काढू? पोरांनी रिंगटोन लावलीय." बोलता बोलता त्याने गळ्याला हात लावला आणि तो तिथेच राहिला.

मी आत गेले. कॅथी जागी होती, छताकडे बघत. मी वाकले. गुणगुणले. हळू, मग मोठ्याने. काचेच्या पेटीशी गुणगुणायचे ते सगळं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान बाजूला वळवली. रडली नाही. वाट बघत पडून राहिली, आई यायची असली की पडते तशी.

मी थांबले.

तेव्हा तिच्या पायाची बोटं फाकली, पंख्यासारखी, आणि ती हसून मागच्या खोलीच्या बंद दाराकडे वळली.

मी गप्पच होते. माझं गुणगुणणं दाराआडून येत होतं.