मेंदूचा देठ

नातेवाइकांना मी नेहमी एकच उदाहरण देतो. मोठा मेंदू म्हणजे मालक. त्याच्याखाली अंगठ्याएवढा देठ असतो, ब्रेनस्टेम, तो वॉचमन. श्वास, खोकला, पापणी मिटणं, सगळं त्याच्याकडे. मालक झोपला तर वाट बघता येते. वॉचमनच गेला, तर उरतं फक्त मशीन.

"मग आमचा वॉचमन आहे की गेला, तेवढं नीट बघा," ताई म्हणाल्या. त्यांचा धाकटा भाऊ, बसचालक, अपघातानंतर आमच्या आयसीयूत होता. आई गेल्यावर त्याला ताईंनीच वाढवलं होतं. "लहानपणी सुई त्याला टोचायची आणि रडायचे मी."

ही तपासणी दोनदा करायची, असा आमचा नियम. सकाळी मी कापसाचं टोक त्याच्या बुबुळाला लावलं. पापणी हलली नाही. काचेबाहेर ताईंनी मात्र डोळे गच्च मिटले. बघवत नसेल, असं मला वाटलं. मी पडदा ओढला आणि त्याच्या डाव्या कानात बर्फाचं पाणी सोडलं. देठ जिवंत असेल तर डोळे हळूहळू त्या कानाकडे वळतात. त्याचे समोरच राहिले.

"डॉक्टर, जरा बाहेर या," नर्सने हाक मारली.

ताईंचे डोळे डावीकडे वळून तिथेच थांबले होते.

"कान गार पडलाय हो," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी दुसऱ्या तपासणीला वरिष्ठ आले. मी त्यांना हे सांगितलं. "जरा झोप काढत जा," ते म्हणाले.

शेवटची परीक्षा श्वासाची. मशीन काढायचं, नळीतून नुसता ऑक्सिजन सोडायचा आणि छातीवर नजर ठेवून थांबायचं. आम्ही थांबलो. छाती उठली नाही. पडद्यापलीकडे ताई धापा टाकू लागल्या.

"तो आहे, डॉक्टर! मशीन लावा!"

मला भीती वाटली, सरळ सांगतो. पण बहिणीच्या धापांवरून भावाला जिवंत कोण म्हणणार?

"तुमचं मत?" वरिष्ठांनी विचारलं.

"देठ गेलाय," मी म्हणालो.

मशीन पुन्हा लावलं नाही. हृदय थोडा वेळ चाललं, मग थांबलं. पलीकडच्या धापाही त्याच क्षणी थांबल्या.

मी बाहेर गेलो. ताई शाल लपेटून बाकावर बसल्या होत्या, अगदी शांत.

"माफ करा, ताई."

"नाही हो. दमले होते. आता बरं वाटतंय. घरी जाऊ ना?"

मी खिशातला टॉर्च काढून त्यांच्या डोळ्यांत मारला. उजेडातही बाहुल्या आकसल्या नाहीत, तशाच राहिल्या.

ताई त्याच्या लहानपणच्या खोड्या सांगू लागल्या. मी शालीवर नजर ठेवून थांबलो.

त्या बोलत होत्या. शाल हलत नव्हती.