एक दुरुस्ती, बाविसाव्या प्रकरणात

प्रत उतरवताना नवव्या ओळीवर तिचा हात थांबला... बाबांच्या कादंबरीत, त्यांच्याच तिरक्या अक्षरात, तिचं घरातलं नाव लिहिलेलं होतं.

कादंबरीतल्या मोठ्या मुलीला बाबांनी नाव दिलंच नव्हतं. सगळे तिला 'थोरली' म्हणत. बाविसाव्या प्रकरणात मात्र लिहिलं होतं, 'चिमीला कुठे जायचंच नव्हतं. आणि ज्याला जायचंच नाही, त्याला अडवल्याचा दोष कुणाला लागत नाही.'

तिचे कान तापले. रागाने नव्हे... दुसऱ्याचं कपाट उघडताना कुणी बघावं, तशी लाज वाटली तिला. तिने 'चिमी'च्या जागी 'थोरली' केलं आणि दहावी ओळ उतरवायला घेतली.

त्या हिवाळ्यात बाबांना मान वर करायला फुरसत नव्हती. सकाळी शाल गुंडाळून ते खिडकीपाशी बसत. दुपारपर्यंत कादंबरी, मग साप्ताहिकाचा मजकूर, नंतर रेडिओसाठीची श्रुतिका. त्यांचं अक्षर छापखान्यात कुणाला लागत नसे. आई होती तोवर स्वच्छ प्रत आई करायची. ती गेल्यावर बाबा म्हणाले होते, एवढं एक पुस्तक निघेपर्यंत बघ. आणि चिमीने वाचनालयातली नोकरी सोडली. हे तिसरं पुस्तक होतं.

सोमवारी दुसऱ्या गावच्या वाचनालयाचं पत्र आलं होतं. ग्रंथपालाची जागा होती. महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचा होता. चहा देता देता तिने बाबांना सांगितलं. बाबा 'हं' म्हणाले आणि साखर कमी पडलीय म्हणाले. तिला वाटलं, त्यांनी ऐकलंच नाही. आता कळलं, ऐकलं होतं.

आठवड्याने छापखान्यातले मुद्रितशोधक काका घरी आले. स्वच्छ प्रतीसोबत मूळ कागदही पाठवायचे, ही आईने घालून दिलेली पद्धत; आणि काका ओळ न् ओळ ताडून बघणारे. बसता बसताच ते हसून म्हणाले, "लेखकमहाराज, तुमच्या घरात चोर आहे. अख्खा शब्द पळवलाय. आणि ही चिमी कोण हो? एकदाच उगवते नि गायब होते."

बाबांनी कागद हातात घेतला. ती ओळ बोटाने शोधली.

"माझी मुलगी," ते म्हणाले. "ही."

काकांनी जीभ चावली आणि चहा अर्धा टाकून ते उठले.

दार लागल्यावर बाबांनी खालमानेनेच विचारलं, वाचलंस तेव्हा बोलली का नाहीस? ती म्हणाली, काय बोलायचं, हात चुकला असेल तुमचा.

"हात चुकला म्हणून तर खरं नाव लिहिलं गेलं, चिमे."

मग ते अडखळत सांगत राहिले. पत्राचं त्यांनी नीट ऐकलं होतं. तिला जायचं नसेलच, असं आधी मनाशी म्हटलं, मग लिहून काढलं. लिहिलं की त्यांना ते खरं वाटायला लागतं.

"तुझ्या आईबद्दलही लिहिलं होतं मी. तिला कधी काही नकोच असतं म्हणून..." त्यांना रडू फुटलं. "तिने तेही सुंदर अक्षरात उतरवून दिलं गं."

त्यांना तसं रडताना तिने आईच्या वेळीही पाहिलं नव्हतं. तिचेही डोळे भरून आले, जीव कळवळला. आता गप्प बसलं तर सगळं पूर्ववत होईल, हे तिला कळत होतं. आजाऱ्याच्या पुढचं ताट ओढून घ्यावं तशी शरम वाटत असतानाच ती म्हणाली,

"मला जायचं होतं, बाबा. अजूनही जायचंय."

बाबांनी मान डोलावली. पुस्तक लांबेल, प्रकाशक ओरडेल, ती म्हणाली. ओरडू दे, ते म्हणाले, आणि आपल्या खुर्चीवरून उठून त्यांनी तिला तिथे होकाराचं पत्र लिहायला बसवलं.

इतकी वर्षं दुसऱ्याची वाक्यं उतरवलेली; स्वतःचं एक सुचेना. चार ओळी खोडल्या. बाबा दारात उभे होते, पण त्यांनी एक शब्दही सुचवला नाही. शेवटी एका ओळीचं उत्तर झालं.

"बघू का?" सवयीने त्यांनी हात पुढे केला.

"नको."

ते ओशाळले. "बरं," म्हणाले, आणि पाकीट शोधायला लागले. स्वतःच्याच घरात पाकिटं कुठे असतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी एक खण उघडला, दुसरा उघडला... चिमीने सांगितलं नाही. ती बसून राहिली, आणि त्यांना शोधू दिलं.